कमी किमतीच्या लॅपटॉपवर व्यावसायिक कॅड कसे चालवावे: नवोदितांसाठी क्रमवार मार्गदर्शन

कॅड (संगणकावर आराखडे आणि त्रिमितीय मॉडेल काढण्याचे तंत्र) शिकायला निघालेल्या माणसाला पहिला सल्ला बहुधा असा मिळतो, की आधी महागडे वर्कस्टेशन घ्या, मग बाकीचे बघू. हा सल्ला सरसकट खरा नाही. ऑटोकॅड या कॅड सॉफ्टवेअरची पहिली आवृत्ती डिसेंबर १९८२ मध्ये आली, तीच मुळी मोठ्या संगणकांऐवजी टेबलावर मावणाऱ्या छोट्या संगणकांसाठी. आजच्या साध्या लॅपटॉपमध्येही द्विमितीय आराखडे, सुटे भाग आणि मध्यम आकाराच्या असेंब्ली (अनेक भाग जोडून बनलेल्या रचना) व्यवस्थित करण्याइतकी ताकद असते. अडचण एवढीच, की ती ताकद बऱ्याचदा नको त्या ठिकाणी खर्ची पडते आणि वापरणाऱ्याला ते कळत नाही. म्हणून आधी आपले काम ओळखावे, मग लॅपटॉप नेमका कुठे अडतो ते शोधावे आणि तेवढ्याच ठिकाणी उपाय करावा. पैसे खर्च करण्याची वेळ त्यानंतर येते, आणि पुष्कळदा येतही नाही.

पहिली पायरी: काम कोणत्या जातीचे आहे ते ठरवा

इमारतीचा नकाशा, शीट मेटलचा द्विमितीय आराखडा किंवा विद्युत मांडणी काढणाऱ्याला ८ जीबी रॅम असलेल्या लॅपटॉपवरही काम करता येते. त्रिमितीय पार्ट तयार करून त्यांची असेंब्ली जोडणाऱ्याने १६ जीबी ही आपली किमान पातळी समजावी. रेव्हिटसारख्या इमारत-प्रतिमानाच्या सॉफ्टवेअरसाठी तर निर्मात्यानेच १६ जीबी किमान सांगितली आहे. फोटोसारखे रेंडरिंग, ताण-विश्लेषण आणि द्रवप्रवाहाचे गणित ही कामे मात्र वेगळ्या जातीची आहेत. ती प्रोसेसरचे सगळे कोअर (गणित करणारे भाग) एकदम कामाला लावतात आणि तासन्तास चालतात. स्वस्त लॅपटॉपकडून त्यांची अपेक्षा धरू नये, हे आधीच स्वीकारलेले बरे.

याच टप्प्यावर लॅपटॉपची कार्यप्रणालीही तपासून घ्यावी. सॉलिडवर्क्स (त्रिमितीय पार्ट आणि असेंब्लीचे सॉफ्टवेअर) आणि रेव्हिट ही दोन्ही सॉफ्टवेअर फक्त विंडोजसाठी आहेत. ऑटोकॅडची मॅकसाठी स्वतंत्र आवृत्ती आहे, पण तिच्यात विंडोज आवृत्तीतल्या सगळ्या सोयी नाहीत. क्रोमबुकवर यांपैकी काहीच थेट बसवता येत नाही. एआरएम प्रोसेसरवर चालणारे काही विंडोज लॅपटॉप आकर्षक किमतीत मिळतात, परंतु निर्मात्याच्या अधिकृत यादीत त्या प्रोसेसरचा उल्लेख असल्याशिवाय ते कॅडसाठी घेऊ नयेत. पडद्याचे रिझोल्यूशन १९२० × १०८० पेक्षा कमी असेल, तर टूलबार आणि पॅनेलच निम्मी जागा खातात आणि ड्रॉइंगला खिडकीएवढीच फट उरते.

दुसरी पायरी: लॅपटॉप कुठे अडतो ते पाहा

ही पायरी बहुतेक जण वगळतात आणि थेट सेटिंग बदलायला लागतात. तसे करू नये. नेहमीच्या कामातली, खरोखर त्रास देणारी एक फाइल निवडावी. ती उघडायला, रीबिल्ड (मॉडेलचे गणित पुन्हा होणे) व्हायला आणि सेव्ह व्हायला किती सेकंद लागतात, ते घड्याळ लावून वहीत लिहून ठेवावे. पुढे केलेला प्रत्येक बदल याच आकड्यांवर तपासायचा आहे. नुसत्या अंदाजाने पाहिले, तर नुकत्याच सुरू केलेल्या लॅपटॉपवर कुठलाही उपाय गुणकारी वाटतो.

आता कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि त्यातला परफॉर्मन्स हा विभाग समोर ठेवून तीच फाइल पुन्हा उघडावी. मेमरीचा आलेख छताला टेकला आणि त्याच वेळी डिस्क सतत राबू लागली, तर रॅम अपुरी पडत आहे. मेमरी मोकळी असूनही फाइल उघडताना डिस्क शंभर टक्क्यांवर राहिली, तर अडथळा डिस्कचा आहे. मॉडेल फिरवताना जीपीयूचा आलेख टोकाला जात असेल, तर ग्राफिक्सचा.

नवोदिताला सर्वांत गोंधळात टाकणारे दृश्य मात्र वेगळेच असते. सॉफ्टवेअर गोठलेले असते, शीर्षकपट्टीवर नॉट रिस्पॉन्डिंग अशी अक्षरे दिसतात आणि सीपीयूचा आकडा जेमतेम १३ टक्के सांगतो. लॅपटॉप रिकामा बसला आहे असा समज यातून होतो, पण तो चुकीचा आहे. चार कोअर आणि आठ थ्रेड (एकाच वेळी चालू शकणाऱ्या कामाच्या रांगा) असलेल्या प्रोसेसरमध्ये एकच थ्रेड पूर्ण ताकदीने धावत असेल, तर एकूण हिशेबात तो एक अष्टमांश, म्हणजे साडेबारा टक्क्यांच्या आसपास दिसतो. कॅडचे बरेचसे गणित असेच एका रांगेत चालते. पार्टमधले फीचर एकमेकांवर आधारलेले असतात: आधी ठोकळा, त्यावर खाच, खाचेच्या कडेला फिलेट, म्हणजे गोलाई. खाच झाल्याशिवाय फिलेटची कडच अस्तित्वात येत नाही, म्हणून ही कामे आठ जणांत वाटून देता येत नाहीत. कॅडसाठी कोअरच्या संख्येपेक्षा एका कोअरचा वेग महत्त्वाचा ठरतो तो याच कारणाने. प्रोसेसर बदलता येत नसला, तरी त्याच्यापुढची रांग कमी करणे आपल्या हातात असते. तो विषय सातव्या पायरीत येईल.

तिसरी पायरी: रॅम

स्वस्त लॅपटॉपवर पैसे खर्च करायचेच असतील, तर पहिला खर्च इथे करावा, असे माझे ठाम मत आहे. अशा लॅपटॉपमध्ये सहसा वेगळे ग्राफिक्स कार्ड नसते. प्रोसेसरमधलाच ग्राफिक्स भाग मुख्य रॅममधून आपला वाटा उचलतो, आणि विंडोज त्याला एकूण रॅमच्या निम्म्यापर्यंत वाटा घेऊ देते. म्हणजे ८ जीबीमध्ये विंडोज, ब्राउझर, कॅड आणि ग्राफिक्स असे चौघे दाटीवाटीने बसलेले असतात.

टास्क मॅनेजरच्या मेमरी विभागात खाली स्लॉट्स यूज्ड अशी एक ओळ दिसते. तिथे दोनपैकी एक असे लिहिलेले असेल, तर एक जागा रिकामी आहे आणि तिथे दुसरी रॅम बसवता येण्याची चांगली शक्यता आहे. तिच्याजवळच फॉर्म फॅक्टर ही ओळ असते. त्यापुढे एसओडिम असे असेल, तर रॅम काढता-घालता येणारी आहे. रो ऑफ चिप्स असे असेल, तर ती मदरबोर्डवर कायमची जोडलेली असण्याची दाट शक्यता आहे. एलपीडीडीआर प्रकारची रॅम तर जवळपास सर्वच लॅपटॉपमध्ये अशी जोडूनच येते. नवा लॅपटॉप घेणाऱ्याने ही गोष्ट खरेदीच्या आधी विचारून घ्यावी, कारण नंतर काही करता येत नाही.

रॅम वाढवताना दोन सारख्या पट्ट्या असाव्यात. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसर दोन्ही मार्गांनी एकदम माहिती ओढतो आणि सैद्धांतिक वहनक्षमता दुप्पट होते. मुख्य रॅमवरच जगणाऱ्या ग्राफिक्सला याचा लगेच फायदा मिळतो आणि मॉडेल फिरवताना बसणारे धक्के कमी होतात. डीडीआर४ च्या जागी डीडीआर५ बसत नाही. त्यांच्या खाचाच वेगळ्या जागी असतात, तेव्हा जोर लावून बसवण्याचा प्रयत्न करू नये. रॅम वाढवणे शक्यच नसेल, तर कॅड चालू असताना ब्राउझर पूर्ण बंद ठेवावा, आपोआप सुरू होणारे कार्यक्रम टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप विभागातून थांबवावेत आणि विंडोजची पेज फाइल (रॅम कमी पडली की वापरली जाणारी डिस्कवरची जागा) कधीही बंद करू नये. ती बंद केल्याने वेग वाढतो असा समज पसरलेला आहे. प्रत्यक्षात रॅम संपताच सॉफ्टवेअर न सेव्ह केलेल्या कामासह बंद पडते.

चौथी पायरी: डिस्क

लॅपटॉपमध्ये अजूनही फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर एसएसडी (फिरते भाग नसलेली, वेगवान डिस्क) बसवावी. यावर दुसरा विचार करण्याची गरज नाही. ईएमएमसी प्रकारची (एसएसडीहून संथ) साठवण असलेले लॅपटॉप कॅडसाठी घेऊच नयेत. एसएसडी काठोकाठ भरू देऊ नये, पाचवा हिस्सा तरी मोकळा ठेवावा. चालू काम आतल्या डिस्कवरच करावे. पेन ड्राइव्हवरून किंवा क्लाउडशी सतत जुळणाऱ्या फोल्डरमधून फाइल उघडली, की असेंब्लीचा प्रत्येक पार्ट सेव्ह होताना तो ड्राइव्ह किंवा फोल्डर आडवा येतो. दिवसाचे काम संपल्यावर प्रत तिथे टाकावी, म्हणजे सुरक्षितताही राहते आणि वेगही.

पाचवी पायरी: उष्णता आणि वीज

लॅपटॉप सकाळी छान चालतो आणि अर्ध्या तासाने रेंगाळतो, अशी तक्रार ज्यांची असते, त्यांनी सॉफ्टवेअर पुन्हा बसवण्याआधी लॅपटॉपच्या खाली हात लावून पाहावा. पातळ, स्वस्त लॅपटॉपमधले अनेक प्रोसेसर १५ वॉटच्या उष्णतेसाठी आखलेले असतात. काही क्षण ते त्याहून बरीच जास्त वीज घेऊन वेगाने धावतात. पण तापमान शंभर अंश सेल्सिअसच्या जवळ गेले, की स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतात. टास्क मॅनेजरच्या सीपीयू विभागात बेस स्पीड आणि चालू स्पीड हे दोन्ही आकडे दिसतात. सुरुवातीला चालू वेग बेसच्या कितीतरी वर असतो आणि रीबिल्ड सुरू असताना तो हळूहळू बेसपाशी किंवा त्याखाली घसरत असेल, तर दोष उष्णतेचाच आहे.

लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवून काम करणे आधी थांबवावे, कारण खालची हवेची भोके बंद होतात. कडक पृष्ठभागावर मागची बाजू बोटभर उचलून ठेवली, तरी फरक पडतो. पंख्यातली धूळ दाबाच्या हवेने काढावी. हवा मारताना पंख्याचे पाते काडीने अडवून धरावे, नाहीतर तो बेफाम फिरून खराब होऊ शकतो. जुन्या लॅपटॉपमधली थर्मल पेस्ट वाळलेली असते, ती जाणकाराकडून बदलून घ्यावी. काम नेहमी चार्जर लावून करावे आणि विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये बेस्ट परफॉर्मन्स निवडावे. बॅटरीवर असताना बहुतेक लॅपटॉप वेग मुद्दाम रोखून धरतात.

सहावी पायरी: ग्राफिक्स

ड्रायव्हर प्रोसेसर किंवा ग्राफिक्स कार्डाच्या निर्मात्याकडून घेऊन अद्ययावत ठेवावा. लॅपटॉपमध्ये वेगळे कार्डही असेल, तर सॉफ्टवेअर खरोखर त्याच्यावर चालते का, ते पाहावे. विंडोजच्या सेटिंगमध्ये सिस्टम, मग डिस्प्ले, मग ग्राफिक्स या मार्गाने जाऊन आपल्या कॅडपुढे हाय परफॉर्मन्स निवडावे.

ऑटोकॅडमध्ये ग्राफिक्सकॉन्फिग ही आज्ञा दिल्यावर हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन (चित्र काढण्याचे काम ग्राफिक्स भागाकडे सोपवणे) चालू आहे की नाही ते कळते. ते चालू असावे. पण रेघा गायब होणे, कर्सर मागे राहणे असे प्रकार होत असतील, तर एकदा बंद करून तुलना करावी. सॉलिडवर्क्समध्ये दस्तऐवजाच्या गुणधर्मांत इमेज क्वालिटी ही सरकपट्टी असते. मॉडेल पडद्यावर त्रिकोणांच्या रूपात रंगवले जाते, आणि ही पट्टी उजवीकडे जितकी न्यावी तितके ते त्रिकोण वाढतात. गोल थोडे कोनदार दिसले, तरी मोजमापे गणितीदृष्ट्या अचूकच राहतात, म्हणून पट्टी निःशंकपणे डावीकडे आणावी. सावल्या, प्रतिबिंबे आणि पारदर्शकता काम करताना बंद ठेवावी. यूज सॉफ्टवेअर ओपनजीएल हा पर्याय दोष शोधण्यापुरता उपयोगी आहे. तो कायम चालू राहिला, तर ग्राफिक्सचे सगळे ओझे प्रोसेसरवर येते.

सातवी पायरी: फाइल हलकी ठेवा

आधीच्या सगळ्या पायऱ्यांचा परिणाम एकदाच मिळतो. ही पायरी मात्र रोजच्या सवयीची आहे आणि माझ्या अनुभवात सर्वांत जास्त वेळ हीच वाचवते.

द्विमितीय ड्रॉइंगपासून सुरुवात करू. दुसऱ्याकडून आलेली ड्रॉइंग उघडली, की प्रथम तिची प्रत करावी आणि प्रतीवर तीन आज्ञा द्याव्यात. ऑडिटने फाइलमधल्या चुका दुरुस्त होतात. पर्जने न वापरलेले ब्लॉक (साठवलेली तयार चिन्हे), लेयर (ड्रॉइंगचे थर) आणि शैली निघून जातात. तिथेच ऑर्फन्ड डेटा काढण्याचा पर्याय असेल, तर तोही निवडावा. ओव्हरकिलने एकावर एक पडलेल्या सारख्या रेघा काढल्या जातात, पण तिच्या आधी टॉलरन्सचा (किती अंतरापर्यंतच्या रेघा सारख्या मानायच्या, त्याचा) आकडा जरूर पाहावा, नाहीतर अगदी जवळच्या पण वेगळ्या रेघाही एकत्र होतील. दाट हॅच (क्षेत्र भरणाऱ्या रेघांची नक्षी) हा वेग खाणारा सर्वांत मोठा शत्रू आहे. प्रमाण चुकल्यामुळे विटांची किंवा काँक्रीटची खूण इतकी बारीक झालेली असते, की ती काळ्या डागासारखी दिसते आणि त्या डागातली प्रत्येक रेघ लॅपटॉपला काढावी लागते. तिथे सॉलिड हॅच वापरावे किंवा प्रमाण सुधारावे.

जो लेयर बराच वेळ लागणार नाही, तो नुसता ऑफ न करता फ्रीज करावा. ऑफ केलेला लेयर दिसत नसला तरी रिजेनच्या (ड्रॉइंग पडद्यावर नव्याने मोजून काढण्याच्या) हिशेबात राहतो, फ्रीज केलेला त्यातून वगळला जातो. मोठ्या प्रकल्पात सगळे मजले एकाच फाइलमध्ये ठेवण्याऐवजी एक्सरेफ (बाहेरून जोडलेल्या वेगळ्या ड्रॉइंग फाइल) जोडावेत आणि ज्यावर काम नाही ते अनलोड करावेत. ड्रॉइंग शून्यबिंदूपासून लाखो एककांवर असेल, तर दृश्यात थरथर आणि स्नॅपमध्ये गडबड होऊ शकते; प्रकल्पाची सहनिर्देशके बंधनकारक नसतील, तर ड्रॉइंग शून्याजवळ आणावी.

त्रिमितीय कामात एक उदाहरण जवळून पाहू. एका विद्यार्थ्याने गिअरबॉक्सची असेंब्ली आणली होती. लॅपटॉप गेल्यातच जमा आहे असे त्याचे म्हणणे होते, कारण प्रत्येक रीबिल्डला तो हात जोडून बसे. सॉलिडवर्क्समध्ये परफॉर्मन्स इव्हॅल्युएशन हे साधन आहे. ते प्रत्येक फीचरला किती वेळ लागला ते वेळेच्या उतरत्या क्रमाने मांडते. त्यात गिअर किंवा हाउसिंग वर नव्हतेच. वर होते कव्हरचे बोल्ट. इंटरनेटवरून उतरवलेल्या त्या बोल्टच्या आट्या हेलिक्सवर (सर्पिल रेषेवर) खऱ्याखुऱ्या कोरलेल्या होत्या, आणि हँडलवर हिऱ्याच्या आकाराची नर्लिंग (पकडीसाठीची खडबडीत नक्षी) खाच-खाच करून पॅटर्नने काढलेली होती. बोल्ट बदलून त्यांवर कॉस्मेटिक थ्रेड (आटी न कोरता दाखवलेली फक्त खूण) दिला, नर्लिंग काढून ड्रॉइंगवर टीप लिहिली आणि तोच लॅपटॉप पुन्हा कामाला लागला. यंत्रशाळेतल्या माणसाला आट्या कोरलेल्या नको असतात; त्याला आटीचा आकार आणि अंतर लिहिलेले हवे असते.

यातूनच बाकीच्या सवयी येतात. फिलेट आणि चॅम्फर (तिरकी छाटलेली कड) ट्रीच्या, म्हणजे फीचरच्या यादीच्या, शेवटी ठेवावेत, म्हणजे काम चालू असताना ते सप्रेस (तात्पुरते बंद) करता येतात. पॅटर्न स्केचमध्ये करण्याऐवजी फीचरचा करावा. स्केच पूर्ण परिभाषित (सगळी मापे आणि संबंध दिलेले) असावे, पण एकाच स्केचमध्ये सगळा पार्ट कोंबू नये. आतले तपशील वगळलेले एक सोपे कॉन्फिगरेशन (त्याच पार्टचे दुसरे रूप) प्रत्येक मोठ्या पार्टला ठेवावे आणि असेंब्लीत तेच वापरावे. विकत आणल्या जाणाऱ्या मोटर किंवा बेअरिंगचे निर्मात्याने दिलेले मॉडेल अनेकदा आतल्या तारांसकट असते. त्याचे बाहेरचे कवच आणि जोडणीची छिद्रे एवढेच आपल्याला पुरते. मोठी असेंब्ली लाइटवेट स्थितीत (पार्टची सगळी माहिती न उचलता) उघडावी. फ्रीझ बार ही फीचरच्या यादीतली रेघ चालू करून झालेली फीचर त्याच्या वर ठेवली, तर ती पुन्हा पुन्हा रीबिल्ड होत नाहीत.

आठवी पायरी: सॉफ्टवेअरची निवड आणि परवाना

इतके करूनही लॅपटॉप पुरेसा पडला नाही, तर कामाचा काही भाग दुसरीकडे हलवता येतो. ऑनशेप ब्राउझरमध्ये चालते आणि मॉडेलचे गणित त्याच्या सर्व्हरवर होते. आपल्या लॅपटॉपला फक्त चित्र रंगवायचे असते. त्याच्या मोफत योजनेत मात्र फाइल सर्वांना खुल्या राहतात आणि व्यावसायिक वापराला परवानगी नसते. फ्यूजनबाबत मोठा गैरसमज आहे: त्याच्या फाइल क्लाउडवर राहत असल्या, तरी मॉडेलिंग आपल्याच प्रोसेसरवर होते, त्यामुळे लॅपटॉपवरचा भार त्याने फारसा हलका होत नाही. फ्रीकॅड पूर्णपणे मुक्त आहे, नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली, आणि पार्ट-मॉडेलिंग शिकण्यासाठी ते मनापासून सुचवावे असे आहे. विद्यार्थ्यांना अनेक निर्माते शैक्षणिक परवाना मोफत किंवा अल्प दरात देतात. तो घेऊन ग्राहकाचे काम करू नये. फोडलेली सॉफ्टवेअर वापरू नयेत. कायद्याचा प्रश्न आहेच, शिवाय त्यांच्यासोबत येणारे छुपे कार्यक्रम लॅपटॉपची शक्ती आणि कामाच्या फाइल दोन्ही पळवू शकतात.

नववी पायरी: खरेदीची वेळ आलीच तर

वहीतले आकडे सगळे उपाय करूनही हलले नाहीत, तर लॅपटॉप बदलावा. त्या वेळी नव्या, चकचकीत पण अशक्त लॅपटॉपपेक्षा वापरलेले वर्कस्टेशन जास्त कामाचे ठरते. डेल प्रिसिजन, एचपी झेडबुक आणि लेनोव्हो थिंकपॅडची पी मालिका ही लॅपटॉप मुळात कॅडसाठी बनवलेली असतात. त्यांतली अनेक ग्राफिक्स कार्डे कॅड निर्मात्यांच्या प्रमाणित यादीत असतात, रॅमसाठी बहुधा जास्त जागा असतात आणि उष्णता बाहेर टाकण्याची सोय दणकट असते. प्रोसेसर इंटेलचा असेल, तर तो आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा असावा, कारण विंडोज ११ त्याहून जुन्या इंटेल प्रोसेसरना जवळपास सरसकट नाकारते आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. विकणाऱ्याकडे जाताना आपली तीच त्रास देणारी फाइल आणि वही सोबत न्यावी, विकणाऱ्याच्या परवानगीने कॅडची चाचणी आवृत्ती बसवून किंवा ब्राउझरमधल्या कॅडवर चार्जर लावून वीस मिनिटे सलग काम करावे, आणि वेग शेवटच्या पाच मिनिटांत टिकतो का, हे टास्क मॅनेजरमध्ये पाहूनच पैसे मोजावेत.